मूल्यमापन कुठून सुरू करायचं : वस्तीत काम करणाऱ्या संस्थांसाठी

वर्ष संपत आलं की फोन सुरू होतात. "ताई, एंडलाइन करायचीय, तुमच्याकडचा एखादा तयार फॉर्म पाठवता का?" तुर्भे, दिघा, रबाळे, कळवा, भिवंडी, पार शहापूर-मुरबाडपर्यंतच्या संस्थांकडून हाच प्रश्न येतो. (एंडलाइन म्हणजे कामाच्या शेवटी करायची पाहणी.) मी फॉर्म पाठवत नाही. आधी विचारते, यातून जे कळेल त्यावर कोण काय ठरवणार आहे? बहुतेक वेळा पलीकडून उत्तर येत नाही.

चूक इथेच होते. आधी फॉर्म, मग सर्व्हे, मग एक्सेल आणि सगळ्यात शेवटी "यातून काय काढायचं?" असा क्रम सगळीकडे पडून गेलाय. वस्तीतल्या बायकांचा पाऊण पाऊण तास जातो, कार्यकर्त्या उन्हातान्हात फिरतात, अहवाल परदेशी निधी संस्थेला किंवा कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागाला पोचतो आणि पुढच्या वर्षीचं काम जसंच्या तसं चालू राहतं. म्हणून खालचा क्रम पाळा. एखादा टप्पा छोटा करा, पण पुढेमागे करू नका.

उदाहरणाला सगळीकडे एकच काम धरते : पाच वर्षांखालच्या मुलांचे जुलाब कमी व्हावेत म्हणून वस्तीत चालवलेलं हात धुण्याचं आणि पाणी नीट साठवण्याचं काम. तुमचं काम अभ्यासवर्गाचं असो की बचत गटांचं, पद्धत हीच.

तयारी : हातात काय हवं

निधी देणाऱ्याबरोबरचा करार, मूळ प्रस्ताव, वर्षभराची हजेरीपत्रकं आणि कार्यकर्त्यांच्या डायऱ्या एका टेबलावर आणा. त्यातलं बरंच कुणी उघडून पाहिलेलं नसतं. एका संस्थेत बसले असताना बारा बैठकांची हजेरी एकाच पेनाने, एकाच अक्षरात लिहिलेली दिसली. रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. ती मुलगी महिनाअखेरीला आठवून आठवून भरत होती, कारण रजिस्टर ऑफिसात आणि बैठक वस्तीत. पण त्या हजेरीवर कोणताही निष्कर्ष उभा करता येत नव्हता, हे सर्व्हेआधी कळलं म्हणून बरं झालं.

कोणतं मूल्यमापन करताय तेही आत्ताच स्पष्ट करा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांचा निधी घेणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. सीएसआर नियमांत जानेवारी २०२१ मध्ये झालेल्या बदलानुसार, ज्या कंपनीवर मागच्या तीन वर्षांत सरासरी १० कोटी किंवा जास्त सीएसआर खर्चाचं बंधन होतं, तिला १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचं परिणाम मूल्यांकन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यावं लागतं, तेही प्रकल्प पूर्ण होऊन निदान वर्ष झाल्यावर. ती जबाबदारी कंपनीची. तुमचं स्वतःचं, शिकण्यासाठीचं मूल्यमापन वेगळं आणि ते काम चालू असतानाच व्हायला हवं. एकाच सर्व्हेत दोन्ही उरकायला गेलात तर दोन्ही बिघडतात.

टप्पा १ : निर्णय आधी लिहा

कोऱ्या कागदावर तीन रकाने आखा : कोणता निर्णय, कोण घेणार, कधीपर्यंत.

"प्रकल्पाचा परिणाम जाणून घेणे" हा निर्णय होत नाही. "घरोघरी भेटी चालू ठेवायच्या की तोच वेळ सार्वजनिक नळाजवळच्या गटबैठकांना द्यायचा, हे समन्वयक आणि कार्यकर्त्या १५ मार्चपर्यंत ठरवतील," हा निर्णय आहे. असे दोन किंवा तीन पुरेत. पाचव्या ओळीपर्यंत गेलात तर खोडायला लागा.

हा कागद संचालकांनी एकट्याने भरू नये. रोज वस्तीत जाणाऱ्या कार्यकर्तीला विचारा, "तुला कशाबद्दल शंका आहे?" पाणी उकळून प्यायचा सल्ला कुणी पाळत नाही, कारण गॅस परवडत नाही, हे तिला वर्षभर माहीत असतं. तिला कुणी विचारलेलं नसतं, एवढंच.

*तपासा :* उत्तर "हो" आलं काय आणि "नाही" आलं काय, तुम्ही तेच करणार असाल, तर त्या प्रश्नावर सर्व्हे करू नका.

टप्पा २ : बदलाची साखळी काढा

तुमच्या कामातून मुलाच्या पोटापर्यंत बदल कसा पोचणार, ते कडी कडीने लिहा. कार्यकर्ती भेट देते. आईला पटतं. साबण आणि पाणी मोरीजवळ हाताशी ठेवलं जातं. शीनंतर आणि भरवण्याआधी हात धुतले जातात. जुलाब कमी होतात.

आता प्रत्येक कडीजवळ लिहा, ही कशाने तुटू शकते? पाणी दिवसातून तासभरच येत असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या कडीच्या मध्ये तुटेल. मूल दिवसभर आठ वर्षांच्या बहिणीकडे असेल, तर तुम्ही समजावलंत आईला आणि भरवणार बहीण.

निधी संस्था बऱ्याचदा सहा निकष पाठवते : समर्पकता, सुसंगती, परिणामकारकता, कार्यक्षमता, दूरगामी परिणाम आणि टिकाऊपणा. हे ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेच्या विकास सहाय्य समितीचे. मूळ पाच होते, सुसंगती २०१९ मध्ये जोडली. सहाच्या सहांना प्रत्येक वेळी उत्तर द्यायचा नियम नाही. त्या समितीनेच निकष विचार करून आणि संदर्भ पाहून वापरायला सांगितले आहेत. टप्पा १ मधल्या निर्णयांना लागतील ते दोन-तीन घ्या, बाकीचे का सोडले ते निधी संस्थेला एका परिच्छेदात लिहून कळवा. विचार करून लिहिलेलं असेल तर सहसा मान्य होतं.

टप्पा ३ : किती मोजायचं, काय मोजायचं

लहान संस्थांची सगळ्यात महागडी चूक या टप्प्यावर होते, म्हणून इथे जरा थांबते.

प्रस्तावात "जुलाबाचं प्रमाण ३० टक्क्यांनी कमी करू" असं लिहिलेलं असतं, म्हणून सर्व्हेतही जुलाबच मोजले जातात. आता हिशेब बघा. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, आधीच्या दोन आठवड्यांत जुलाब झालेली पाच वर्षांखालची मुलं देशभरात ७.३ टक्के निघाली. तुमच्या वस्तीतही साधारण तेवढंच प्रमाण आहे असं समजा. ७५ मुलांची माहिती घेतलीत तर जुलाब झालेली मुलं सापडतील पाच-सहा. पुढच्या फेरीत तीन सापडली, तर तुम्ही "निम्म्याने घट" असं लिहाल. खरं तर दोन-तीन मुलांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो.

म्हणून साखळीत एक-दोन कड्या खाली उतरा. मोरीजवळ साबण आणि पाणी हाताशी आहे का? पिण्याच्या पाण्याला झाकण आणि ओगराळं आहे का? या गोष्टी घराघरात दिसतात, त्यांची टक्केवारी मोठी असते आणि कमी घरांतूनही त्यांचा अंदाज बरा येतो.

घरं किती घ्यायची? ९५ टक्के खात्रीने, वर-खाली १० टक्क्यांच्या आत अंदाज हवा असेल, तर ३०० घरांच्या वस्तीत ७३ घरं लागतात आणि ३,००० घरांच्या वस्तीत ९३. वस्ती दसपट झाली तरी नमुना फारसा वाढत नाही, हे लक्षात ठेवा. वर-खाली ५ टक्के हवे असतील, तर मात्र हेच आकडे १६९ आणि ३४१ होतात. तेवढं मनुष्यबळ नसेल तर दहा टक्क्यांवर समाधान माना आणि अहवालात तसं लिहा. दारं बंद मिळतील, म्हणून यादीत दहा-पंधरा घरं वाढवून घ्या.

*सावधान :* एवढ्या नमुन्यावर दोन फेऱ्यांत सात-आठ टक्क्यांचा फरक दिसला, तर त्याला बदल म्हणू नका.

टप्पा ४ : महिना ठरवा

एका प्रकल्पात आमची बेसलाइन, म्हणजे कामाआधीची पाहणी, जुलैत झाली आणि एंडलाइन जानेवारीत. जुलाब घटल्याचं पाहून आम्हाला फार आनंद झाला. मग वस्तीतल्या आशाताई म्हणाल्या, "अहो, थंडीत कमीच असतात." पावसाळ्यात गटारं तुंबतात, नळात घाण पाणी शिरतं, जुलाब वाढतात. आम्ही ऋतू मोजला होता. तो अहवाल मागे घेऊन दुरुस्त करावा लागला.

बेसलाइन ज्या महिन्यात, एंडलाइन त्याच महिन्यात. दुसरा पर्याय नाही.

शहापूर, मुरबाडच्या पाड्यांवर काम असेल तर आणखी एक गोष्ट सांभाळा. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. फेब्रुवारीत पाड्यावर गेलात तर म्हातारी माणसं आणि जी घरं गेली नाहीत तेवढीच भेटतील. सगळ्यात गरजू घरं तुमच्या यादीतून आपोआप गळतील आणि निकाल आहे त्यापेक्षा बरा दिसेल. एक तर दिवाळीआधी जा, नाहीतर भट्ट्यांपर्यंत जायची तजवीज आणि प्रवासखर्च आधीच धरा.

शहरातही परीक्षा, गणपती, मे महिन्यातलं गावी जाणं, निवडणुका हे सगळं कॅलेंडरवर लावा. निवडणुकीच्या दिवसांत कागद घेऊन दार वाजवलंत, तर लोक तुम्हाला पक्षाची माणसं समजतात.

टप्पा ५ : घरं निवडा

"दर पाचवं घर" म्हणणं सोपं आहे. वस्तीत घर म्हणजे काय हेच आधी ठरवावं लागतं. खाली मालक, वर माळ्यावर दोन भाडेकरू कुटुंबं, मागच्या बाजूला नाल्याला लागून पत्र्याची खोली. चूल वेगळी ते घर वेगळं, हा नियम मला सगळ्यात सोयीचा वाटतो.

आधी एक दिवस फक्त नकाशासाठी द्या. वस्तीतल्या दोघा-तिघांना घेऊन गल्ली गल्ली फिरा, कागदावर घरं मांडा, क्रमांक द्या. पाच वर्षांखालचं मूल असलेली घरं हवी असतील, तर ती यादी अंगणवाडी सेविकेच्या रजिस्टरवरून सुरू करा, पण तिथे थांबू नका. कालपरवा भाड्याने आलेलं कुटुंब रजिस्टरात नसतं. मग एक ते पाचमधला क्रमांक चिठ्ठी काढून निवडा आणि तिथून दर पाचवं घर घ्या.

*सावधान :* दार बंद असलं की शेजारचं घर घ्यायचं नाही. त्याच घरी वेगळ्या वेळी आणखी दोनदा जा. ज्यांची दारं दिवसा बंद असतात, त्या कामाला जाणाऱ्या बायका. त्यांच्याऐवजी घरी असणाऱ्या बायकांना विचारलंत, तर चित्र पार बदलतं.

टप्पा ६ : प्रश्न वस्तीत नेऊन घासून बघा

निधी संस्थेचा इंग्रजी फॉर्म ऑफिसात बसून मराठीत केला की "मागील पंधरवड्यात आपल्या पाल्यास अतिसार झाला होता का?" असलं काहीतरी तयार होतं. हे वाक्य दारात उभं राहून मोठ्याने वाचून बघा. कुणी जुलाब म्हणतं, कुणी ढाळ, कुणी हगवण, कुणी नुसतं "पोट बिघडलंय". हिंदी, कन्नड बोलणारी घरं वेगळीच. म्हणून शब्दावर अवलंबून न राहता व्याख्या विचारा : "गेल्या दोन आठवड्यांत बाळाला एका दिवसात तीन किंवा जास्त वेळा पातळ शी झाली का?" आठवण दोन आठवड्यांपलीकडे नेऊ नका.

सरळ विचारून खरं उत्तर मिळत नाही, अशा गोष्टी बघून नोंदवा. "साबणाने हात धुता का?" याला आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही. त्याऐवजी आम्ही म्हणतो, "मावशी, जरा हात धुवायचेत, कुठे धुऊ?" तुर्भ्याला एका घरी हे विचारल्यावर ती बाई लगबगीने आत गेली, फळीवरच्या डब्यामागून साबणाची वडी काढून घेऊन आली. तिचा कागदही निघाला नव्हता. मोरीत भांडी घासायची राख होती आणि पाण्याने भरलेली बादली. तिचा पाहुणचार मला आजही आठवतो. कार्यकर्तीने फॉर्मवर "साबण आहे, हाताशी नाही" असं नोंदवलं, आणि आमचा सगळा कार्यक्रम पुढे त्या एका ओळीभोवती बदलला.

नमुन्यात नसलेल्या आठ-दहा घरी फॉर्म वापरून बघा. घड्याळ लावा. वीस मिनिटांवर गेला तर प्रश्न कापा. जो प्रश्न टप्पा १ मधल्या कोणत्याच निर्णयाला लागत नाही, तो आधी जाईल.

एक खुला प्रश्न मात्र ठेवा : "गेल्या सहा महिन्यांत या बाबतीत तुमच्या घरी सगळ्यात महत्त्वाचा बदल कोणता झाला? तो महत्त्वाचा का वाटतो?" उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, आपलं शुद्ध मराठी करू नका.

टप्पा ७ : वस्तीत जा

कार्यकर्तीला तिच्याच वस्तीत सर्व्हेला पाठवू नका. "ताई, तुमचं काम चांगलंच आहे की!" हे उत्तर तिला मायेपोटी मिळतं. दिघ्याची तुर्भ्याला जाऊ दे, तुर्भ्याची दिघ्याला. बाहेरचे सर्वेक्षक नेमायला पैसे नसतील तर एवढ्या अदलाबदलीनेही पुष्कळ फरक पडतो.

संमती तोंडी घेतलीत तरी पूर्ण घ्या : आम्ही कोण, का विचारतोय, किती वेळ लागेल, नाही म्हटलंत तरी चालेल आणि नाही म्हटल्याने कोणतीही मदत बंद होणार नाही. हे शेवटचं वाक्य गाळू नका. लोकांना खरी भीती त्याचीच असते. नाव आणि फोन वेगळ्या कागदावर, उत्तरं वेगळ्या कागदावर आणि दोन्हींवर फक्त क्रमांक. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे, त्यामुळे भरलेल्या फॉर्मचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची सवय आजच मोडा.

मोबाइलवर कोबो टूलबॉक्ससारखं साधन वापरलंत तर वस्तीत नेटवर्क नसतानाही फॉर्म भरता येतो, नंतर पाठवता येतो.

*तपासा, रोज संध्याकाळी :* भरलेले फॉर्म त्याच दिवशी बघा. एकीचे सगळे फॉर्म आठ-आठ मिनिटांत झाले असतील, किंवा तिच्या दहाही घरी उत्तरं सारखीच असतील, तर दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर जा. दहातल्या एका घरी समन्वयकाने पुन्हा जाऊन तीन-चार प्रश्न विचारून पडताळावेत.

टप्पा ८ : आकडे सगळ्यांनी मिळून वाचा

आकडे आले की लगेच अहवाल लिहायला बसू नका. आधी कार्यकर्त्यांची बैठक, निदान तीन तासांची. सुरुवातीला निकाल न दाखवता प्रत्येकीला अंदाज लिहायला लावा : "किती घरांत साबण हाताशी असेल?" मग आकडा फळ्यावर लिहा. अंदाज आणि आकडा यांत जिथे मोठं अंतर पडतं, तिथेच शिकण्यासारखं असतं. एरवी "हे आम्हाला माहीतच होतं" म्हणून बैठक दहा मिनिटांत संपते.

मग चार प्रश्न, याच क्रमाने : काय व्हायला हवं होतं? प्रत्यक्षात काय झालं? फरक का पडला? आता काय बदलू? तिसऱ्या प्रश्नावर निम्मा वेळ द्या. लोक दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर उडी मारतात, ती उडी थांबवणं हे बैठक चालवणाऱ्याचं काम. संचालकांनी या बैठकीत शेवटी बोलावं. त्या आधी बोलल्या तर बाकीच्या माना डोलावतात.

"हे आपल्यामुळेच झालं का?" हाही प्रश्न इथेच घ्या. त्यासाठी वर्षभर वस्तीची एक साधी डायरी ठेवलेली असावी : नवी जलवाहिनी कधी आली, शौचालय कधी दुरुस्त झालं, दुसऱ्या संस्थेने काय वाटलं. पुढच्या वर्षी ज्या वस्तीत काम सुरू करणार आहात, तिथेही आत्ताच हेच प्रश्न विचारून ठेवा. काम नसताना तिथेही तेवढाच बदल झाला असेल, तर श्रेय घेऊ नका.

टप्पा ९ : वस्तीला परत सांगा

हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. ज्यांनी वेळ दिला, घरात घेतलं, मोरी दाखवली, त्यांना उत्तर मिळायला हवं.

समाजमंदिरात किंवा अंगणवाडीत, संध्याकाळी, बायका कामावरून परतल्यावर. प्रोजेक्टर नको. शंभर घरांऐवजी दहा खडे मांडा : "दहातल्या चार घरी साबण हाताशी आहे." चित्र लगेच कळतं. कुणाच्या घराचं नाव येता कामा नये आणि गल्ली छोटी असेल तर गल्लीचंही नको. मग विचारा, "हे बरोबर वाटतंय का? बाकीच्या सहा घरी का नसेल?" आमच्या बैठकीत एकजण म्हणाली, "मोरीत ठेवला की उंदीर नेतात, पोरं भिजवून टाकतात." सहा महिने आम्ही पटवून देत होतो, आणि गरज होती उंचावर टांगायच्या जाळीच्या पिशवीची.

*तपासा :* वस्तीने दुरुस्त केलेला निदान एक निष्कर्ष हाती आला का? आला नसेल, तर बहुधा तुम्हीच बोलत राहिलात.

टप्पा १० : निर्णयवही आणि मग अहवाल

टप्पा १ चा कागद काढा. प्रत्येक निर्णयासमोर चार गोष्टी भरा : काय कळलं, काय बदलणार, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. हीच निर्णयवही. बदलाला पैसे लागणार असतील तर अंदाजपत्रकातला आकडा त्याच दिवशी दुरुस्त करा. खर्चाची ओळ बदलली नाही तर काम बदलत नाही, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता मी पहिल्यांदा तेच पान उघडते.

निधी संस्थेला अहवाल यानंतर. सुरुवातीला एक पान : काय कळलं आणि त्यावर काय ठरलं. मग तीन-चार पानांत आधार. तक्ते परिशिष्टात. जे जमलं नाही ते पहिल्याच पानावर, कारणासकट लिहा. त्याची एक मराठी प्रत कार्यकर्त्यांना द्या. ज्यांनी माहिती गोळा केली त्यांनाच इंग्रजी अहवाल वाचता येत नाही, अशी वेळ त्यांच्यावर आणू नका.

तीन महिन्यांनंतरची तारीख आत्ताच ठरवा. त्या दिवशी निर्णयवही उघडून प्रत्येक ओळीसमोर झालं, अर्धवट, राहिलं यातलं एक लिहायचं. "राहिलं" असेल तर का, ते एका वाक्यात. ही बैठक अर्ध्या तासात होते. शक्य झाल्यास ती ऑफिसात न घेता वस्तीत घ्या आणि जाताना दोन-चार मोऱ्या बघून या.